शिळ्या वाऱ्याची वैरीण

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर सडके कांदे निवडले.

आषाढ सरत आला होता. बांबू-पत्र्याच्या चाळीत भरलेला उन्हाळी कांदा पावसाळी हवेत रोज थोडा थोडा सडत होता. सडका आत राहिला की शेजारच्यांना घेऊन मरतो, म्हणून निवडावा लागतो. गिरजा, माझी बायको, चाळीच्या तोंडाशी गोणपाट टाकून बसली होती आणि मी घमेल्यानं कांदे काढून तिच्यापुढं ओतत होतो. बाकीचे लोक कांदा दाबून बघतात. ती दाबायची नाही, नाकाशी न्यायची. नुसतं नाक लावलं की तिला कळायचं.

"अवं, ह्यो बघा. वरनं कसा नवरदेव, आन आतनं पानी."

"टाक की मंग. त्याच्याशी बोलत काय बसली?"

"तुमच्याशी बोलून तरी काय मिळतंय?"

हे आमचं शेवटचं बोलणं. मग ती म्हणाली, चहा ठिवते, आन जरा पडते. मी सडके कांदे उकिरड्यावर टाकायला गेलो. परत आलो तर ती मधल्या घरात जमिनीवर आडवी झालेली. चहा ठेवलेला नव्हता. हाक मारली, ओ दिली नाही. हाताला कांद्याची टरफलं तशीच चिकटलेली. डॉक्टर आला, म्हणाला हार्ट बंद पडलं. बास. एवढ्यावर माणूस संपतं.

पुढचं मग सांगतो. आधी ती कशी होती ते सांगतो, कारण आता जो येतो तो मला म्हणतो, गिरजाबाई म्हणजे गरीब गाय होती. गरीब गाय! हे तुम्ही कुणाबद्दल बोलताय? ती भांडखोर होती. तोंडाळ होती. लोकांच्या घरात न विचारता खिडक्या उघडायची. गावातल्या अर्ध्या बायकांचं आणि तिचं जमत नव्हतं. मेलेल्या माणसाला साखर लावायची ही रीत मला मान्य नाही. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, गोड लिहिता येत नाही, आणि येत असतं तरी तिच्याबद्दल लिहिलं नसतं.

तिचं वैर एकाच गोष्टीशी होतं. कोंदलेल्या हवेशी. तिला ती शिळा वारा म्हणायची. "शिळी भाकर चालंल, शिळा वारा न्हाई चालायचा," हे तिचं रोजचं. आमच्या घराला तिनं भांडून भोकं ठेवून घेतली होती, आणि ती भोकं बुजवायची वाट आमचीच माणसं बघत होती. तिला ते माहीत होतं. मलाही माहीत होतं.

लोक विचारतात हे वेड तिच्यात आलं कुठनं. कुणाला वाटतं लहानपणी काही वाईट झालं असंल. काही झालं नव्हतं. ती कोपीत वाढली. आमच्या पाथर्डीकडची निम्मी माणसं दिवाळी झाली की ऊस तोडायला जातात, कारखान्याच्या रानात पाचटाची कोपी, म्हणजे उसाच्या पाल्याची झोपडी, घालून राहतात. तिचे आईबाप तोडायचे, लग्न झाल्यावर आम्हीही तोडला. कोपीत सगळं वाईट. थंडी, विंचू, चिखल. एक वारा सोडला तर. पाचटातनं धूर आपला आपण वर निघून जातो आणि पहाटं तोंडावर गार वारा येतो. ती म्हणायची, "कोपीत मी कशानं म्हनून आजारी पडले न्हाई, आन पक्क्या घरात आले आन शिंकाया लागले." हे खोटं होतं. कोपीत तिला हिवताप झाला होता, मी स्वतः बैलगाडीतनं नेली होती. पण हे तिला सांगायची सोय नव्हती.

कुणाच्या घरी गेली की उंबऱ्यातच थांबायची. नाक जरा वर करायची, वासरू करतं तसं. मग तोंडावर सांगायची. "तुमच्या पोराचं अंथरून ओलं ऱ्हातंय." "हितं रातच्याला कासव अगरबत्ती जाळून दार लावलं व्हतं ना?" "ह्या खोलीत मांजर मेलंय न्हाईतर तुमच्या आईला उन्हात न्ह्या." एकदा एका घरी खरंच माळ्यावर घूस मेलेली निघाली. पण तीनदा काहीच निघालं नाही, आणि त्या घरांनी आम्हाला पुढं कुठल्या कार्याला बोलावलं नाही.

संतोषला, म्हणजे आमच्या एकुलत्या पोराला, बायको बघायची होती तेव्हाची गोष्ट. शेवगावकडचं स्थळ. वैशाख महिना. पाहुण्यांनी आमच्यासाठी बैठकीची खोली सजवली होती. नवे पडदे, खिडक्या बंद, वासाच्या कांड्या लावलेल्या, आणि आत सगळी भावकी मांडीला मांडी लावून बसलेली. मुलगी पोह्याच्या बशा घेऊन आली. माझा मेहुणा, म्हणजे हिचा भाऊ रंगनाथ, शिक्षण काय, स्वयंपाक येतो का, ते विचारत होता. हिनं मधीच विचारलं, "पोरी, तुझ्या सैपाकघराला खिडकी कुनीकडं हाय?"

मुलगी म्हणाली, "मावळतीला हाय. पन तिच्यापुढं फ्रिज ठिवलाय."

"मंग धूर कुठं जातो?"

"कुठं न्हाई. मी फ्रिज सरकवला व्हता. आबांनी परत लावला."

"परत सरकीव की."

"दोनदा सरकवला. दोनदा लावला."

मुलीचा बाप लाल झाला. हिनं बशी खाली ठेवली, उठली, त्यांचा नवा पडदा बाजूला केला आणि खिडकी धाडकन उघडली. "आता बोला देन्याघेन्याचं," म्हणाली. परत येताना रंगनाथ जीपमध्ये कुरकुरत होता, आक्का, तू आमची अब्रू घालवली. ती म्हणाली, "पोरगी पक्की झाली. जी बापाशी दोनदा भांडली ती आपल्या घरात टिकंल." ती सुवर्णा, आमची सून. टिकली. सासूशीही भांडली, तो भाग वेगळा.

आता घराचं सांगतो. आमचं जुनं घर धाब्याचं होतं, मातीच्या छताचं. तसल्या घराला छतात मधोमध एक भोक असतं. त्याला आमच्याकडं सानं म्हणतात. उजेड त्यातनं आत येतो आणि धूर त्यातनं बाहेर जातो. ते घर पाडून स्लॅबचं बांधायचं ठरलं. नामदेव गवंड्यानं चुन्याची फक्की मारून आखणी केली आणि ही कमरेवर हात ठेवून समोर उभी.

"नामदेवा, सानं कुठं हाय?"

"नानी, स्लॅबला कुठं सानं असतंय? लोकं मला गळकी भोकं बुजवायला बोलवत्यात, तुमी पाडायला सांगताय."

"आमची कांद्याची चाळ तूच बांधली ना रं?"

"मीच की."

"तिला खालनं वारा ठिवला का न्हाई? वरनं निघाया वाट ठिवली का न्हाई?"

"ठिवावीच लागती. न्हाईतर माल वाफ धरतो, सडतो."

"आन मानूस?"

"मानूस काय सडतोय व्हय, नानी?"

"घरी जा, तुझ्या सासूच्या खोलीत नाक घाल, आन मंग येऊन सांग."

नामदेव दोन दिवस आला नाही. कशामुळं ते माहीत नाही, सासूला विचारायची माझी छाती नव्हती. आला तो म्हणाला, गळलं तर माझ्याकडं यायचं नाही. मग तिनं सांगितलं तसं बांधलं. मावळतीच्या भिंतीला गुडघ्याएवढ्या उंचीवर जाळीची भोकं, त्यांना लाकडी झडपा. उगवतीला वर, छताला लागून, तसलीच भोकं. आणि मधल्या घराच्या स्लॅबला सानं, त्यावर विटांचा चौकोनी उंचवटा, चारी बाजूंनी फटी, वर टोपी. गावानं नाव ठेवलं, सुखदेवची चाळ. सुखदेव म्हणजे मी. पोरं ओरडायची, "नानी, कांदा किती ठिवला यंदा घरात?" ती म्हणायची, "दोन हाईत. एक म्हातारा, एक म्हातारी. अजून मोड न्हाई आला."

आणि आता तिची चूक सांगतो, कारण ती कुणी सांगत नाही. खालची भोकं मावळतीला ठेवली, कारण पावसाळ्यात वारा तिकडनंच येतो. बरोबर. पण तेव्हा आमची खरी कांद्याची चाळही मावळतीलाच उभी होती, घराच्या अगदी तोंडाशी. पहिला पावसाळा आला. चाळीत कांदा सडायला लागला, आणि तो सगळा वास वाऱ्यानं उचलून सरळ आमच्या घरात आणून ओतला. घास तोंडात आणि सडका कांदा नाकात. टरफलं उडून दुधात. पाहुणे दारातनं परत जायचे. जिनं गावभर वास हुडकले, तिच्या घरात उभं राहवत नव्हतं. गाव हसून लोळलं.

मी म्हटलं, "बुजीव आता ती भोकं. लई झालं."

"चोरी कांद्याची आन फाशी वाऱ्याला? जमायचं न्हाई."

"मंग काय करायचं?"

"चाळ हलवायची."

चाळ हलवली. हंगाम संपल्यावर बांबू सोडले, पत्रे उतरवले आणि सगळी उगवतीला नेऊन उभी केली. घराच्या खिडकीसाठी चाळ हलवणारे आमच्या शिवारात आम्हीच. चूक कबूल केली का? नाव काढू नका. विचारलं की म्हणायची, "चाळ पहिल्यापासूनच चुकीच्या जागी व्हती."

पण घर गार झालं. मी मेलेल्या बायकोचं कौतुक करत नाही, झालं ते सांगतो. तिचं रोजचं काम ठरलेलं होतं. दिवस कलला की सगळ्या झडपा उघडायच्या, रातभर गार वारा भिंतींत मुरू द्यायचा. सकाळी ऊन चढायच्या आत खालच्या झडपा लावून तो आत कोंडायचा, भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवावी तसा. दुपारच्या झळा घरात घ्यायच्या नाहीत. सान्याची फट तेवढी कायम उघडी, म्हणजे तापलेली हवा वरच्या वर निघून जाती. "रातचा वारा दुपार टळंपतूर टिकतो. मंग शिळा," म्हणायची. उन्हाळा लागायच्या आधी स्लॅबवर चुना मारायची. मला मारायला लावायची, खरं सांगायचं तर. गावात घरोघर कूलर घरघरायचे, आमच्याकडं एक पंखा, तोही वैशाखात.

त्यावरनं एकदा लाईटचा माणूस आला. मीटर बघतो, परत बघतो, तारंकडं बघतो. त्याला वाटलं आम्ही आकडा टाकलाय.

"आजी, एवढ्या मोठ्या घराचं बिल एवढंसं कसं? मीटरला काय केलं का?"

"मी कशाला हात लावू त्याला? मला शॉकची भीती वाटती. ये, आत बस. पानी पी. आन आकडा सापडला तर मलाबी दाव, मी बघितला न्हाई कधी."

तो बिचारा उन्हातनं आलेला. मधल्या घरात भिंतीला टेकून बसला. पाणी प्याला. पिशवी मांडीवर घेऊन म्हणाला, जरा बसतो. मी शेळ्यांना पाला टाकून आलो तर तो घोरत होता. हिनं त्याला उठवलं नाही. "आकडा हुडकतोय," म्हणाली, "सपनात." ऊन उतरल्यावर उठला, शरमला, आणि जाताना मला हळूच म्हणाला, "आजोबा, आमच्या सायबाला तुमच्याकडं झोपायला पाठवू का?"

हे हसण्यावारी गेलं. भामाबाईच्या घरचं हसण्यावारी गेलं नाही.

भामाबाई आमची शेजारीण. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती. थंडीचे दिवस. आमच्याकडं बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही ही जुनी रीत. खिडकीत गोधडी कोंबतात, दाराला पडदा लावतात, बाजेखाली इंगळाची शेगडी ठेवतात आणि वरनं ओवा-शेपा टाकून धुरी देतात. ही डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन बाळ बघायला गेली. मी बाहेर ओट्यावर भामाबाईच्या नवऱ्याशी बोलत बसलो होतो. आत गेली तशी माघारी आली. डबा माझ्या हातात दिला, परत आत गेली आणि खिडकीतली गोधडी ओढून अंगणात फेकली.

भामाबाई किंचाळली. "अगं ए गिरजे! बाळंतिनीला वारं लागंल!"

"वारं लागून मेलेलं मानूस मला एक दाव. कोंडून मेलेली मी दावते."

"तू कोन सांगनारी? माझी लेक हाय!"

"लेक हाय तर तोंड बघ तिचं. सकाळपून वकती ना ती? डोकं धरून बसली ना?"

"पित्त हाय तिला."

"इंगळाचं पित्त हाय. शेगडी भाईर काढ आधी. धुरी द्यायची तर दार उघडं ठिवून दे. पोराला काय झालं तर ये माझ्या घरी, आन चपलंनं मार मला. पन आत्ता शेगडी काढ."

शेगडी शेवटी हिनंच उचलली, पदराचं टोक जाळून घेतलं. दुपारपर्यंत पोरगी उठून बसली, तिनं भाताची पेज मागितली. भामाबाईनं गावात सांगितलं, माझ्या काढ्यानं बरं वाटलं. दुसरी कुणी असती तर गप्प बसली असती. ही पाणवठ्यावर जाऊन भांडली. त्यावर भामाबाईनं सगळ्या बायकांना सांगितलं की गिरजाचा पाय बाळंतिणीच्या खोलीला चांगला नाही. तेव्हापासून कुणाच्या घरी पाळणा हलला की हिला येताना बघून दार लावून घ्यायचे. ती बंद दाराबाहेर उभी राहून ओरडायची, "दार लावा, पन खिडकी उघडी ठिवा!" मी ओट्यावर विसरलेला लाडवांचा डबा अजून भामाबाईकडंच आहे.

करोना आला तेव्हा आरोग्य केंद्राची आशाताई घरोघर सांगत फिरत होती, दारं-खिडक्या उघडी ठेवा, हवा खेळती ठेवा. ही ऐकून म्हणाली, "सरकार लई उशिरा सुदरलं." आणि आशाताईच्या मागं मागं स्वतः फिरली, न बोलावता.

तिला हरवलं ते फक्त एकदा, आणि हरवणारी तिची नातवंडं.

संतोष श्रीरामपूरला मोटारीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात आहे. दोन खोल्यांचा फ्लॅट आहे. मच्छर येतात म्हणून खिडक्या बंद, धूळ येती म्हणून बंद, एसी लावलाय म्हणून बंद. ही तिकडं एकदा राहायला गेली आणि दुसऱ्या दिवशी एस्टीनं परत आली. "काल रातची फोडनी सकाळी दात घासताना नाकात," म्हणाली. पोरं मात्र त्या गारव्याला सवकली. यंदाच्या उन्हाळ्यात संतोष टेम्पोत एसीचं मशीन टाकूनच आला. बसवणारा माणूस बरोबर. त्यानं घर बघितलं आणि डोकं खाजवलं.

"काका, ही सगळी भोकं बुजवावी लागतील. नाहीतर मशीन गावाला गार करीत बसंल आणि बिल तुम्ही भराल."

तो खरं बोलत होता. हिनंही मान डोलावली. "मंग मशीनच नको. गावाला गार करायचा ठेका मी घेतला न्हाई."

संतोष आईला बाईच म्हणतो. म्हणाला, "बाई, तुला जमतं गं. पोरांना उकडतं. ती यायचीच न्हाईत मंग सुट्टीला."

तिनं कडेच्या खोलीकडं बघितलं, मग मधल्या घराकडं. मग म्हणाली, "कडंची खोली घे. तिची भोकं बुजीव. पन मधल्या घराला हात लावशील तर मी उंबऱ्यात बसंन."

कडेच्या खोलीची भोकं सिमेंटनं बुजवली. पोरं टाळ्या वाजवत आत गेली. संध्याकाळी ही बाहेरनं त्या भिंतीपाशी गेली, ओल्या सिमेंटला बोट लावून बघितलं, आणि बोट लुगड्याला पुसून स्वयंपाकाला लागली.

जायच्या दिवशी संतोष पिशव्या भरताना म्हणाला, "पुढं-मागं मधलं घरबी बंद करू, बाई. ते सानं काढून टाकू आन पीओपी करू वरनं. लई भारी दिसंल."

"मी हाय तवर न्हाई."

"बरं बाई, तू हायस तवर न्हाई," तो हसत म्हणाला. पोरगा चांगला आहे. मनात काही नसतं त्याच्या. पण गाडी वळल्यावर ही मला म्हणाली, "आयकलं का? तवर म्हनला."

आता उरलेलं.

ती गेली त्या दिवशी संतोष दुपार कलताना पोचला. दिवस मावळायच्या आत आम्ही तिला पोचवून घरी आलो. माझी थोरली बहीण, यमुनाआक्का, सगळं बघत होती. आमच्यात माणूस जिथं गेलं तिथं पीठ पसरतात, त्यावर दिवा ठेवतात आणि वरनं टोपलं झाकतात. सकाळी टोपलं उचलून पिठावर बघायचं. चिमणीची पावलं दिसली तर चिमणीचा जन्म, मुंगीची वाट दिसली तर मुंगीचा. ही गेली मधल्या घरात, नेमकी सान्याखाली. वरनं आषाढाचा वारा. आक्का म्हणाली, "दिवा इझंल, पीठ उडंल. ही भोकं बंद करा आधी."

कुणीतरी गोणपाटं आणली. खालच्या भोकांत कोंबली. संतोष शिडी लावून वर गेला आणि सान्यावर ताडपत्री आवळून बांधली. आईच्या दिव्यासाठीच केलं त्यानं. खालनं रंगनाथ म्हणाला, "नीट आवळ. आता बंदच ऱ्हाऊ दे, तसंबी तुला काढायचंच हाय ते." संतोषनं गाठ आवळली. मी खालनं बघत उभा होतो.

सकाळी जागा झालो. घरभर माणसं निजलेली, भिंतीपर्यंत. ओली धोतरं वलणीवर. दिव्याचं तेल, उदबत्ती, तंबाखू, माणसांचे श्वास. मला तिच्यासारखं नाक नाही, कधीच नव्हतं. तरी मला वास आला. त्या घरात राहायला आल्यापासून पहिल्यांदा.

मी उठलो आणि गोणपाटं उपसायला लागलो. एक काढलं, दुसरं काढलं. माणसं जागी झाली.

आक्का धावत आली. "आरं सुखदेवा, काय करतोस? दिवा इझंल की!"

"इझू दे."

"आरं, अपशकुन हाय त्यो! बाईल गेली तशी अक्कलबी गेली का रं तुझी?"

"आक्का, व्हायचं ते काल झालं. आजून काय अपशकुन हुनार हाय?"

मी विळा घेतला आणि शिडीवर चढलो. माझे गुडघे शिडीचे राहिलेले नाहीत. रंगनाथ खालनं ओरडत होता, दाजी, उतरा, पडाल, म्हाताऱ्याला धरा कुनीतरी. कुणी धरलं नाही. वर गेलो, दोर कापला, ताडपत्री ओढून अंगणात टाकली. ती वाऱ्यानं भामाबाईच्या कुंपणाला जाऊन अडकली.

खाली आलो तोवर वारा आत शिरला होता. टोपलं कलंडलं होतं, पीठ सगळ्या घरात उडालं होतं, माणसांच्या डोक्यांवर, अंथरुणांवर. दिवा विझलेला.

आक्का पिठाकडं बघत कपाळाला हात लावून बसली. "आता ती कशाच्या जल्माला गेली ते कसं कळायचं रं?"

"न्हाई कळायचं."

"आबा," संतोष म्हणाला. त्याचे डोळे सुजलेले होते. "दहावा हुईपतूर तरी बंद ठिवू. मंग बघू की."

"मंग बघू न्हाई. दहाव्यापतूर न्हाई, वर्षसराद्दापतूर न्हाई, मी जित्ता हाय तवर न्हाई. आन मी मेल्यावर माझाबी दिवा हितंच लावायचा, उघड्यावर. इझला तर परत लावायचा. दिवा परत लावता येतो, संतोष."

रंगनाथ म्हणाला, "म्हातारं बिथरलं." मी म्हटलं, व्हय, बिथरलं.

मग दिव्यापाशी बसलो आणि काडी ओढली. दिवा लागला. वारा आला, विझला. परत ओढली. परत विझला. बायका पदर तोंडाला लावून बघत होत्या, आक्का देवाचं नाव घेत होती. मी दिव्याची जागा बदलली नाही. ती जिथं गेली तिथंच तो. परत ओढली. असं करता करता माझी काडेपेटी संपली. मी रिकामी पेटी हातात धरून बसलो, आणि शेजारी संतोष येऊन बसला, त्यानं खिशात हात घातला आणि स्वतःची काडेपेटी काढून माझ्या हातात दिली.

त्याच्या खिशात काडेपेटी कशी, पोरगा चोरून बिडी ओढतो का, ते मी त्या दिवशी विचारलं नाही.